घर डिचोलीत, बेस आखातात : एका वैमानिकाच्या नोकरीचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील वैमानिक मूळचे डिचोली तालुक्यातील आहेत. वय चाळिशीच्या पुढचे, मध्यम पल्ल्याच्या जेट विमानांवर कमांडर, आणि नोकरी संयुक्त अरब अमिरातीतील एका विमान कंपनीत. त्यांचे, कंपनीचे आणि बेसच्या, म्हणजे जिथे ड्युटीसाठी हजर व्हायचे त्या, शहराचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. त्यांचा उल्लेख केवळ कॅप्टन असा केला आहे. त्यांच्या पत्नी डिचोलीत उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवतात, मुलगी दहावीच्या वर्गात आहे आणि आईंना डायलिसिससाठी नियमितपणे म्हापशाला न्यावे लागते. पूर्वी सगळे कुटुंब आखातातच राहत होते. आईंचे आजारपण सुरू झाल्यावर पत्नी व मुलगी गोव्यात परतल्या, कॅप्टन काही काळ तिकडे एकटे राहिले, आणि मग त्यांनी ठरवले की बिऱ्हाड कायमचे डिचोलीला ठेवायचे आणि ड्युटीपुरते बेसवर जायचे. मी काही वर्षे क्रू शेड्युलिंगमध्ये, म्हणजे विमान कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावण्याचे, काम केलेले असल्यामुळे त्यांनी आपली रोस्टरे (ड्युटीची वेळापत्रके) माझ्यापुढे ठेवली आणि ही व्यवस्था कुठे अडते ते पाहायला सांगितले.

सुरुवातीला ती कुठेच अडेल असे वाटत नव्हते. गोव्याहून अमिरातीला थेट विमानाने सव्वातीन तास लागतात. मुंबईत बदलापूरहून चर्चगेटच्या बाजूला नोकरीला जाणारा माणूस दिवसाकाठी याहून अधिक वेळ प्रवासात घालवतो, असे कॅप्टन हसत म्हणत, आणि ते खोटेही नव्हते. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत दीड तासाचाच फरक आहे. विमान कर्मचाऱ्यांच्या ड्युटी व विश्रांतीच्या युरोपीय नियमावलीत वैमानिकाचे शरीर स्थानिक वेळेशी जुळलेले आहे की नाही हे ठरवताना निघण्याच्या ठिकाणच्या वेळेभोवती दोन तास रुंदीचा पट्टा धरतात. शरीराच्या घड्याळापुरते बोलायचे तर दीड तास ही किरकोळ गोष्ट आहे. बेस दोहाला असता तर फरक अडीच तासांचा झाला असता. अमेरिकेत किंवा युरोपात बेस असणाऱ्या भारतीय वैमानिकाला झोपेच्या घड्याळाचा जो जाच होतो, तो येथे जवळजवळ नाही. शिवाय विमान कंपन्यांच्या आपसांतील करारांमुळे कर्मचाऱ्यांना सवलतीचे पास मिळतात, त्यामुळे खर्चही हाताबाहेरचा नव्हता.

पासाचे स्वरूप मात्र नीट समजून घ्यायला हवे. सवलतीच्या दरातला प्रवासी स्टँडबाय असतो. पूर्ण पैसे भरलेले सगळे प्रवासी चढल्यावर जागा उरली तरच त्याला बोर्डिंग पास मिळतो. अमेरिकेत दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकालाही कॉकपिटमधील जंप सीटवर (जादा आसनावर) बसून बेस गाठण्याची सोय सर्रास मिळते, आणि तिथली कम्युटिंगची, म्हणजे दुसऱ्या शहरात राहून बेसवर ये-जा करण्याची, संस्कृती बरीचशी त्या जंप सीटवरच उभी आहे. भारत-आखात मार्गावर ती सोय गृहीत धरता येत नाही. विमान भरले म्हणजे भरले. आणि गोव्याची विमाने नेमकी केव्हा भरतात हे सर्वांना ठाऊक आहे : चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी येताना, चवथ झाल्यावर जाताना, नाताळात दोन्ही बाजूंनी, आणि मे महिन्याच्या सुट्टीत.

पण खरी अडचण पासाची नव्हती. ती रोस्टरमध्ये होती. कॅप्टनांनी पहिल्या काही महिन्यांत जी ये-जा केली, तिच्यातला एक नमुना येथे तासागणिक मांडतो, कारण एरवी ही गोष्ट पटत नाही.

युरोपीय नियमांनुसार क्रूला प्रत्येक १६८ तासांत किमान ३६ तासांची सलग विश्रांती द्यावी लागते आणि तिच्यात दोन स्थानिक रात्री यायला हव्यात. आखाती कंपन्यांची नियमपुस्तकेही साधारण याच चाकोरीतली आहेत. समजा शुक्रवारी रात्री आठ वाजता ड्युटी संपली आणि पुढचे रिपोर्टिंग, म्हणजे ड्युटीवर हजर होणे, रविवारी सकाळी आठला आहे. हे बरोबर ३६ तास झाले. कॅप्टन ज्या विमानाने येत, ते तिथून पावणेअकराला सुटून आपल्या वेळेनुसार पहाटे तीन वीसच्या सुमारास दाबोळीला उतरे. इमिग्रेशन, सामान, मांडवी-झुवारीचे पूल आणि पुढचा रस्ता धरून डिचोलीला घरी पोचेपर्यंत साडेपाच. थोडे झोपून दहाला उठायचे, कारण घरी आल्यावर दुपारपर्यंत झोपून राहणे कुणाला आवडत नाही. शनिवारचा दिवस हातात. परतीचे विमान म्हणजे तेच विमान, पहाटे साडेचारचे, तासाभरात वळून जाणारे. शनिवारचे आपण उतरल्यावर लगेच निघून गेलेले असते, पुढचे रविवारी पहाटे. म्हणजे शनिवारी रात्री पाऊणच्या आत घर सोडायचे, साडेचारला विमानात बसायचे, तिकडच्या वेळेनुसार सहा-सव्वासहाला उतरायचे, तिथेच हात-तोंड धुऊन गणवेश चढवायचा आणि आठला रिपोर्ट करायचे.

रिपोर्टिंगच्या त्या क्षणी भारतीय वेळेनुसार सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि माणूस आदल्या दिवशी दहाला उठलेला असतो. म्हणजे विमानातली एखादी डुलकी सोडली तर साडेतेवीस तासांचे जागरण. सतत १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी खालावते, आणि २४ तासांच्या जवळ ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत दिसून आले. कॅप्टन दारूला शिवत नाहीत. पण कागदावर ३६ तासांची विश्रांती पूर्ण झालेली असताना ते कॉकपिटमध्ये ज्या अवस्थेत बसले असते, ती या तुलनेवरून कळते. रोस्टर तपासणाऱ्या संगणकाला यात काहीही आक्षेपार्ह दिसत नाही. दोन स्थानिक रात्री झाल्या, ३६ तास झाले, हिरवा दिवा लागला.

संगणकाला ते दिसत नाही याचे कारण नियमातच आहे. कंपनीच्या सांगण्यावरून क्रूला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी प्रवासी म्हणून पाठवले तर त्याला पोझिशनिंग म्हणतात आणि तो सगळा वेळ ड्युटीत धरला जातो. पण घरापासून होम बेसवरच्या रिपोर्टिंगच्या जागेपर्यंतचा प्रवास युरोपीय नियमावलीने या व्याख्येतून स्पष्टपणे वगळला आहे. तो वैमानिकाच्या विश्रांतीच्या वेळेतून जातो. घर बेसपासून नेहमी ९० मिनिटांहून अधिक अंतरावर असेल तर वैमानिकाने बेसजवळ तात्पुरत्या मुक्कामाची सोय करण्याचा विचार करावा, अशी सूचना त्याच नियमावलीत आहे. सूचनाच, बंधन नाही. आणि ती वैमानिकाला उद्देशून आहे, कंपनीला नाही. डिचोलीहून मोपाच्या विमानतळावर जायला लागणारा वेळच या ९० मिनिटांतला बराच भाग खातो, मग अरबी समुद्र ओलांडणे दूरच राहिले.

गोव्यातल्या कुटुंबांना परदेशातील पाळीची नोकरी नवी नाही. घरटी एखादा माणूस जहाजावर असलेली गावे येथे आहेत, आणि कॅप्टनांच्या घरच्यांनीही आरंभी हा प्रश्न त्याच चष्म्यातून पाहिला : शेजारचा मुलगा महिनोन्महिने जहाजावर असतो, मग यात एवढे काय? फरक असा की खलाशाला जहाजावरून घरी पोचवण्याचा खर्च जहाजमालकाने करायचा, हे २००६ च्या सागरी कामगार कराराने ठरवून दिले आहे आणि भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला. त्याचे येणे-जाणे नोकरीचा भाग असते. कम्युट करणाऱ्या वैमानिकाचे येणे-जाणे ही त्याची खासगी बाब असते आणि तिच्यातली प्रत्येक जोखीम, उशीर, जागरण, भरलेले विमान, त्याच्या एकट्याच्या खात्यावर चढते. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे, आणि अंतर किंवा भाडे यांवर जितकी चर्चा घरात झाली, तिच्या निम्मीही यावर झाली नव्हती.

हा विषय जगात एकदा फार मोठ्या किमतीवर चव्हाट्यावर आला. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे क्यू-४०० विमान कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि जमिनीवरील एक अशी ५० माणसे गेली. दोन्ही वैमानिकांचा बेस नेवार्क होता. कमांडर फ्लोरिडाहून कम्युट करत होते, तर को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून प्रवास करून आल्या होत्या. स्टॉलच्या (पंखांची उचल नाहीशी होण्याच्या) इशाऱ्याला कमांडरने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे अपघाताचे संभाव्य कारण ठरले. थकव्यामुळे दोघांची कामगिरी खालावलेली असण्याची शक्यता चौकशी मंडळाने नोंदवली, पण तिचे नेमके प्रमाण ठरवता येत नाही असेही म्हटले. त्यानंतर तिथल्या संसदेने कम्युटिंगचा स्वतंत्र अभ्यास करवून घेतला. २०११ च्या त्या अहवालात कम्युटिंगवर थेट निर्बंध घालण्याइतका पुरावा नसल्याचा निष्कर्ष निघाला, आणि ४ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत प्रत्येक उड्डाणापूर्वी आपण कामास योग्य आहोत हे वैमानिकाने सांगण्याची जबाबदारी आली. जबाबदारी पुन्हा वैमानिकावरच.

आपल्या शेजारचे उदाहरण कम्युटिंगचे नाही, झोपेचे आहे. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले विमान मंगळुरूला धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. कमांडर उड्डाणाच्या दरम्यान दीड तासाहून अधिक काळ झोपलेले होते, आणि जागे झाल्यानंतरच्या गुंगीचा त्यांच्या निर्णयावर परिणाम झाला असावा, असे चौकशीत पुढे आले. पहाटे दोन ते सहा या काळात शरीराची जागरूकता सर्वांत खाली असते. आखात-कोकण किनाऱ्याची कितीतरी विमाने नेमकी याच काळात धावतात, आणि कॅप्टन आपल्या सुट्टीच्या दोन्ही टोकांना त्याच वेळेत विमानात असत.

कॅप्टनांच्या बाबतीत अपघात झाला नाही. जे झाले ते चवथीच्या वेळी. चार दिवसांचे ऑफ जुळून आले होते. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला ते पोचू शकले, आणि तिसऱ्या रात्री परत निघाले. संध्याकाळी लोड, म्हणजे विमानातले आरक्षण, पाहिला तेव्हा नऊ जागा रिकाम्या दिसत होत्या. विमानतळावर पोचेपर्यंत त्या भरल्या, कारण चवथ करून आखातात परतणाऱ्यांची गर्दी शेवटच्या दिवशी उसळते. काउंटर बंद झाल्यावर त्यांना ‘सॉरी कॅप्टन’ एवढेच ऐकायला मिळाले. पहाटे त्यांनी टॅक्सीने मोपा गाठले, कारण २०२३ च्या जानेवारीत तो विमानतळ सुरू झाल्यापासून गोव्याची उड्डाणे दोन ठिकाणी विभागली गेली आहेत आणि दुसरा पर्याय बहुधा दुसऱ्या विमानतळावर असतो. तिथून सकाळच्या विमानाने मुंबई, मुंबईत काही तास बाकावर, दुपारनंतरच्या विमानाने आखात. बेसवरच्या खोलीत पोचायला तिकडचे रात्रीचे आठ वाजले. रिपोर्टिंग मध्यरात्रीनंतर दीडला होते.

ते वेळेत पोचले होते. रिपोर्ट केले असते तर कुणालाही काही कळले नसते. त्यांनी क्रू कंट्रोलला फोन करून आपण उड्डाणास योग्य नसल्याचे कळवले. थकव्याच्या अहवालाच्या अर्जात मागील ७२ तासांत कुठे व किती झोप झाली हा रकाना असतो. तो त्यांनी खरा भरला. कंपनीने राखीव कमांडर काढला, त्या ड्युटीचा दिवस कॅप्टनांच्या रजेतून वळता केला आणि बेसवर विश्रांती घेऊन हजर राहणे ही वैमानिकाची जबाबदारी असल्याचे पत्र दिले. घरी या पत्राचा फार राग आला. पत्नींचे म्हणणे असे होते की, ‘खरे सांगितल्याची ही शिक्षा असेल तर पुढच्या वेळी कोण सांगेल?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि थकव्याच्या अहवालाला शिस्तभंगाचा वास येऊ देणाऱ्या कंपन्या स्वतःचेच नुकसान करून घेतात असे मला वाटते. तरीही पत्रातले विधान नियमाला धरूनच होते. फोन करण्याचा कॅप्टनांचा निर्णय निर्विवाद योग्य. बेत मात्र मुळातच असा होता की एक विमान भरले की त्यात झोपेला जागा उरत नव्हती.

यानंतर पर्यायांचा खरा विचार सुरू झाला. भारतीय कंपनीत परतणे हा पहिला. पण कमांडरला मिळणारे बेस मोठ्या शहरांतले, म्हणजे डिचोलीहून मुंबईला कम्युट करणे आलेच, पगार कमी आणि पाळ्या तितक्याच रात्रीच्या. कुटुंबाने पुन्हा आखातात जाणे आईंमुळे शक्य नव्हते. रेल्वेने मुंबई गाठून तिथून जाण्याचा पर्याय थिवी स्थानक जवळ असल्याने कुणीतरी सुचवला. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे ठप्प झाली होती, त्याची आठवण देताच तो मागे पडला. उरला तो कम्युटिंग कॉन्ट्रॅक्टचा मार्ग : काही दिवस सलग काम, मग सलग सुट्टी. परदेशी कमांडरांची गरज असलेल्या आशियातील काही कंपन्यांनी असे करार दीर्घकाळ दिलेले आहेत. कॅप्टनांच्या कंपनीतही मर्यादित प्रमाणात ते उपलब्ध होते, दोन प्रकारांत : अर्धे दिवस काम व अर्धे घरी, किंवा २० दिवस काम व १० दिवस घरी.

घरच्या सर्वांचा कल साहजिकच पहिल्याकडे होता. तो आयकरावर अडला. भारतीय नागरिक एका आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिला तर तो निवासी ठरतो आणि साधारणपणे त्याचे जगभरातले उत्पन्न येथे करपात्र होते. अमिरातीत पगारावर आयकर नाही, त्यामुळे तिथे भरलेला कर येथे वजा करण्याचाही प्रश्न नाही; सगळा पगार भारतीय दराने कराखाली येतो. वर्षाचे अर्धे दिवस म्हणजे एकशे साडेब्याऐंशी. त्यात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस सावधगिरीने भारतातलेच धरायचे, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या करारावर मर्यादा ओलांडली जाणारच. भारतातील उत्पन्न १५ लाखांच्या पुढे असते तर १२० दिवसांपासूनच वेगळे नियम लागले असते. कॅप्टनांचे तसे नव्हते. दुसऱ्या प्रकारात वर्षाला साधारण १२२ दिवस घरी येतात आणि वार्षिक रजा मिळवली तरी १८२ ला पुरेसे अंतर राहते. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचा हिशेब आता त्यांच्या पत्नी ठेवतात, विद्यालयाच्या हजेरीपटासारखा रकाने आखून.

२०-१० चा करार स्वीकारताना घरभत्ता आणि मुलीचा शिक्षणभत्ता गेला, मूळ पगारही कमी झाला. बदल्यात दोन गोष्टी मिळाल्या : सुट्टी तुकड्यांत येत नाही, आणि साप्ताहिक विश्रांतीचे ३६ तास बेसवरच काढायचे असल्याने त्यात घरी धाव घेण्याचा मोह उरला नाही. बेसजवळ आणखी दोन वैमानिकांबरोबर भाड्याने एक फ्लॅट घेतला आहे. मी सुचवलेला नियम कॅप्टनांनी थोडा तक्रारीनेच मान्य केला : येताना पासावर यायचे, जाताना पैसे भरून पक्क्या तिकिटावर जायचे, आणि तेही पहिल्या रिपोर्टिंगच्या आधी एक पूर्ण रात्र बेसवर झोप होईल असे. घरी येताना विमान भरलेले निघाले तर एक दिवस बुडतो, तो घरचा असतो. जाताना भरलेले निघाले तर बुडणारी झोप कॉकपिटमध्ये जाते. या नियमाने दहातले जेमतेम आठ दिवस हाती लागतात, आणि त्यावर घरात अजूनही कुरबुर होते. ‘अहो, निदान चवथीला तरी शेवटच्या विमानाने जा’ ही विनंती दर वर्षी होते आणि दर वर्षी नाकारली जाते.

एक दिवसाची राखीव मुदत सगळ्यावर पुरत नाही हेही खरे. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत नोंदी सुरू झाल्यापासूनचा, म्हणजे १९४९ नंतरचा, सर्वाधिक पाऊस पडला आणि दुबईची उड्डाणे काही दिवस विस्कळीत राहिली. २३ जून २०२५ रोजी कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली गेली तेव्हा आखातातील हवाई क्षेत्र काही तास बंद झाले. अशा वेळी विमानतळच बंद असल्याने कंपनीचीही उड्डाणे थांबलेली असतात, आणि गोव्यात अडकलेल्या वैमानिकाला कोणी जाब विचारत नाही. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. काळजी एका विमानाच्या भरण्याची करायची.

एक बाब अजून सुटलेली नाही. करारानुसार वर्षातून काही आवर्तने रिझर्व्हची असतात, म्हणजे फोन आल्यावर ठरलेल्या अवधीत रिपोर्टिंगला हजर व्हायचे. त्या आवर्तनात कामाचे वीसही दिवस बेसवर फोनची वाट पाहण्यात जातात, आणि सुट्टीला लागून रिझर्व्हचा दिवस आला तर ती सुट्टीही एका बाजूने कापली जाते. रिझर्व्हचे दिवस वीसच्या मधोमध घ्यावेत, टोकांना नकोत, अशी लेखी मागणी कॅप्टनांनी शेड्युलिंगकडे केली आहे. शेड्युलिंगमध्ये बसलेला असताना मी अशा मागण्या बहुधा नाकारत असे, कारण एकाला मध्य दिला की दुसऱ्याला टोक द्यावे लागते. उत्तर यायचे आहे. मुलीची दहावीची परीक्षा ज्या महिन्यात आहे, त्या महिन्याचे रोस्टर अजून जाहीर झालेले नाही.